वक्त्या शोधून देणारी यादी: 'रिक्वेस्ट अ वुमन सायंटिस्ट'

व्यासपीठावर एकही बाई का नाही, असं विचारलं की "बायका मिळतच नाहीत हो," हे परिसंवाद भरवणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर. त्यावर उतारा म्हणून '५०० विमेन सायंटिस्ट्स' या संस्थेनं २०१८ मध्ये स्त्री-शास्त्रज्ञांची ही ऑनलाइन यादी सगळ्यांसाठी खुली केली. मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या परिसंस्थेवर काम करणाऱ्या केली रामिरेझ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत १३३ देशांतल्या ७,५०० हून जास्त जणींनी नावं नोंदवली होती. पुढे यादीचं नाव 'गेज' झालं.

विषय आणि ठिकाण निवडून नावं चाळायची, एवढं सोपं काम. गोची होते ती विषय निवडताना. नुसतं 'मायक्रोबायॉलॉजी' घेतलं की रुग्णालयातले जंतू, दही-चीज, सांडपाणी, शेतजमीन सगळं एकत्र येतं. म्हणून आधी उपविषय ठरवा आणि नाव सापडलं की तिचे दोन-तीन शोधनिबंध उघडून बघा. रामिरेझ यांचाच २०१४ चा निबंध घ्या: न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून मातीचे जवळपास ६०० नमुने घेतले आणि त्यांतल्या डीएनएवरून सूक्ष्मजीव ओळखले. असं काम करणारी बाई शहरातल्या मातीवर तासभर रंगवून बोलेल. वॉर्डातल्या टायफॉइडच्या साथीसाठी मात्र वेगळी तज्ज्ञ लागेल.

माहिती जिची तिनं भरलेली, हा यादीचा कच्चा दुवा. पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन करणाऱ्यांची संस्था दोन-तीन वर्षांत बदलते आणि जुन्या पत्त्यावरची ईमेल परत येते. सध्याचा पत्ता विद्यापीठाच्या पानावरून किंवा ऑर्किड (ORCID) या संशोधकांच्या ऑनलाइन नोंदवहीवरून पडताळून घ्या. मराठीत बोलणार का, हे तर पत्रातच विचारावं लागतं.

संस्थेच्याच पाहणीत उत्तर देणाऱ्या १,२७८ जणींपैकी जेमतेम ११ टक्के जणींशी यादीतून कुणी संपर्क साधला होता. म्हणजे नावांचा तुटवडा नाही, बोलावणाऱ्यांचाच आहे. यादीला यापायी गुण कापणं बरोबर नाही.

पहिल्याच पत्रात तारीख, वेळ, श्रोते कोण, प्रवासखर्च आणि मानधन लिहा. मानधन नसेल तर तसंही स्पष्ट लिहा. पत्रिका छापायला गेल्यावर 'एक महिला हवी' म्हणून धावाधाव केली तर नकारच येणार; विषय ठरतानाच तीन नावं क्रमानं काढून ठेवावीत. आणि मातीवरच्या तज्ज्ञ बाईला 'विज्ञानातील स्त्रिया' हा विषय देऊ नका, मातीवरच बोलू द्या.