ग्रॅम्प्स: आठ महिने वंशावळ लिहिल्यानंतरचा अनुभव

वसईच्या कॅथलिक घरातला आहे म्हणून आधीच सांगतो, आमच्याकडे आडनावावरून घराणं शोधायला गेलात की फसलातच. 1534 ला वसई पोर्तुगीजांकडे गेली, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं (म्हणजे गॉडफादरचं) नाहीतर फादरचं आडनाव लागलं असं घरोघरी सांगतात, त्यामुळे शेजारच्या आळीतले परेरा आपले कोणी नसतात आणि लांबचे लोपीस भाऊबंद निघतात.

आधी एक मोबाईल ॲप वापरत होतो, त्याने ‘हे दोघं एकच’ असं सुचवलं, मी ओके केलं आणि दोन वेगळी कुटुंबं एक झाली, ती सोडवण्यात तीन आठवडे गेले. मग ग्रॅम्प्स हे वंशावळ लिहायचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, डेटा आपल्याच लॅपटॉपवर राहतो.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एका माणसाला हवी तितकी नावं देता येतात. खापरपणजोबा बाप्तिस्म्याच्या नोंदीत गोन्साल्विस, लग्नाच्या नोंदीत घोन्साल्विस, आणि मृत्यूच्या नोंदीत नुसतेच जुआंव आणि पुढे आळीचं नाव. तिन्ही नावं ठेवली, प्रत्येकाला त्याची नोंद जोडली, आणि ती किती भरवशाची हेही लिहिलं (पाच पायऱ्या आहेत, अगदी कमी ते अगदी जास्त). आजीने सांगितलेलं मी ‘कमी’मध्ये टाकलं होतं, नंतर रजिस्टरात तेच सापडलं, तेव्हा फार बरं वाटलं, आजी आता नाही.

आमच्या चर्चच्या रजिस्टरातली 1868 ते 79 ची पानं वाळवीने खाल्लीत. खापरपणजोबांच्या धाकट्या भावाचा जन्म नेमका त्यातला, पण 1894 च्या लग्नाच्या नोंदीत वय 22 आहे, म्हणून 1872 ‘हिशोबाने काढलेलं’ असं वेगळं लिहिता येतं, नुसता अंदाज वेगळा आणि हिशोब वेगळा, हे फार महत्त्वाचं आहे. बाकी खरी वाट दाखवली ती धर्ममातांनी. एकच बाई तीन नोंदींत धर्ममाता, आडनावं तिन्ही घरांची वेगळी, म्हणजे नातं तिथेच आहे. त्यांना नोंदीबरोबर नक्की जोडा, मी पहिले दोन महिने सोडून दिलं होतं.

जुनी अक्षरं वाचताना सांभाळा. नोंदीत महिन्याच्या जागी ‘8ब्रो’ असेल तर तो ऑगस्ट नाही, ऑक्टोबर! लॅटिनमध्ये ऑक्टो म्हणजे आठ, जुन्या रोमन वर्षात तो आठवा महिना होता. मी ऑगस्ट धरलं, मग आधीचं मूल डिसेंबरातलं आणि हे आठच महिन्यांनी कसं, म्हणून परत पाहिलं.

शिकायला वेळ लागतो, पहिला महिना नुसता गोंधळ होता. पण एका गोष्टीसाठी मी हे सोडणार नाही, शंका असली तर ती शंका म्हणूनच जपता येते. अजून एक जुआंव आहे, परेरा, वय जुळतंय, आळी जुळतेय, तरी खापरपणजोबांशी मर्ज (एकत्र) केलेला नाही, दोघांना वेगळं ठेवून ‘कदाचित एकच’ असा दुवा दिलाय. लग्न बहुतेक नवरीच्या चर्चमध्ये लागायचं, म्हणून आता तिच्या गावचं रजिस्टर बघायला फादरांची परवानगी मागितली आहे.