अँटी-फ्लॅग एम२ बीड्स: महाग, पण नाजूक प्रोटीनसाठी हेच

मी एचईके२९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींमधून प्रोटीन कॉम्प्लेक्स, म्हणजे एकमेकांना धरून राहणाऱ्या प्रोटीन्सचे गट, शुद्ध करते. हाती येणारं प्रोटीन मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं, त्यामुळे बीड्सच्या, म्हणजे प्रोटीन पकडणाऱ्या बारीक मण्यांच्या, बाबतीत मी फार चोखंदळ आहे. बॅक्टेरियातून भरपूर प्रोटीन काढायचं असेल तर हिस्टिडिन या अमिनो आम्लाला धरणारे निकेल बीड्स उत्तम. स्वस्तही पडतात आणि प्रोटीनही जास्त धरतात. पण सस्तन पेशींच्या लायसेटमधली (पेशी फोडून मिळालेल्या द्रावातली) हिस्टिडिनवाली इतर प्रोटीन्सही निकेलला चिकटतात आणि मग जेलवर त्या गर्दीत आपल्या प्रोटीनचा बँड (पट्टा) शोधत बसावं लागतं.

एम२ बीड्सवर उंदराची मोनोक्लोनल अँटीबॉडी पक्की जोडलेली असते. ती फक्त आठ अमिनो आम्लांचा फ्लॅग टॅग, म्हणजे आपल्या प्रोटीनला मुद्दाम जोडलेली खूण, ओळखते. लायसेट थंडीत फिरवायचं, 150 मिलिमोलर मीठ असलेल्या ट्रिस बफरने नीट धुवायचं, की एकाच टप्प्यात प्रोटीन बरंच शुद्ध मिळतं.

मला खरी आवडते ती प्रोटीन सोडवून घेण्याची पद्धत. मिलिलिटरला 100 ते 150 मायक्रोग्रॅम फ्लॅग पेप्टाइड (त्याच टॅगचा सुटा तुकडा) घातलं की ते अँटीबॉडीवरची जागा बळकावतं आणि आपलं प्रोटीन अलगद सुटतं. पीएच बदलत नाही, कॉम्प्लेक्सचे जोडीदार सोबत राहतात, एन्झाइमही काम करत राहतं. पीएच 3.5 चं ग्लायसीन स्वस्त आणि झटपट आहे, पण नाजूक कॉम्प्लेक्स त्यात टिकेलच असं नाही. ते वापरलंत तर बीड्स वीस मिनिटांच्या आत बाहेर काढा आणि प्रोटीन लगेच ट्रिसमध्ये न्यूट्रल करा.

उणिवाही आहेत. बीड्स सॅम्पल बफरमध्ये उकळले की अँटीबॉडीच्या साखळ्याही सुटतात आणि जेलवर 50 व 25 किलोडाल्टनला ठसठशीत बँड येतात. तुमचं प्रोटीन नेमकं 50 च्या आसपास असेल तर ते त्याखाली झाकलं जातं. बफरमध्ये डीटीटी हे रसायन नको, त्याने अँटीबॉडीच्या साखळ्या जोडणारे डायसल्फाइड बंध तुटतात. किंमत तर जबर आहेच, वर पेप्टाइडचा खर्च वेगळा!

बीड्स 50 टक्के ग्लिसरॉलमध्ये येतात, म्हणून उणे 20 ला गोठत नाहीत. ते तळाशी बसतात, तेव्हा बाटली हलक्या हाताने उलटसुलट करून सगळं एकसारखं होऊ द्या. पिपेटच्या टोक कापलेल्या टिपने घ्या आणि वापरण्याआधी ग्लिसरॉल पूर्ण धुऊन काढा. ग्लायसीनने धुऊन बीड्स पुन्हा वापरता येतात, पण एका प्रोटीनचे बीड्स दुसऱ्या प्रोटीनला मी कधीच देत नाही.