सिलिकॉन होज सेट: पाइप उत्तम, पण त्याखालचं ॲल्युमिनियम आधी बघा

सिलिकॉनचा होज सेट, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नेणारे पाइप, गाडीला लावून आता एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा उलटला. सुरुवातीला जो विचारेल त्याला मी ‘डोळे झाकून घ्या’ म्हणत होतो. आज तसं म्हणणार नाही. पाइपात खोट नाही. पाइप ज्यावर चढतो त्या ॲल्युमिनियमच्या तोंडाकडे मात्र कुणी बघत नाही, आणि माझा बराचसा खर्च आणि सगळा मनस्ताप त्याच वीतभर भागापायी झाला. म्हणून हा रिव्ह्यू होजचा कमी आणि त्या तोंडाचा जास्त आहे.

गाडी दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. ब्लॉक बीडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि त्याच्या बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या. खंबाटकी घाट चढताना वरचा होज फुटला. तापमानाचा काटा चढताना दिसला तशी गाडी बंद केली, म्हणून हेड वाचलं. वर्कशॉपचं निदान एका वाक्याचं होतं: ‘हीटमुळे रबर गेलं, वय झालं.’ मी फुटलेला होज मागून घेतला आणि घरी कटरने उभा चिरला.

मधला सगळा भाग ठणठणीत होता. दाबला की लगेच पूर्ववत व्हायचा. चिरा होत्या त्या फक्त टोकाला, होज आवळणाऱ्या क्लिपपासून दोन-तीन बोटांच्या आत, तेही आतल्या बाजूने आणि लांबीच्या दिशेने. त्यातली एक थेट दोऱ्याच्या विणीपर्यंत पोचली होती, आणि तिथला दोरा नखाने ओढला तर कुजलेल्या सुतळीसारखा तुटत होता. नुसत्या उष्णतेने रबर जातं तेव्हा होज सगळीकडे कडक होतो, वरून तडकतो. हे प्रकरण वेगळं होतं.

होजच्या ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबरात काजळी मिसळलेली असते, त्यामुळे त्यातून थोडी वीज वाहते. त्याच्या टोकात ॲल्युमिनियमची नळी आणि पोटात कूलंट. म्हणजे बारीकशी बॅटरीच तयार झाली. तिच्यामुळे रबराला आतून उभ्या चिरा जातात, कूलंट विणीत झिरपतं, वीण कमजोर होते आणि एक दिवस दाबाखाली होज फाटतो. याला इलेक्ट्रोकेमिकल डिग्रेडेशन म्हणतात. बाहेरून होज नवाच्या नवा दिसतो, हा त्यातला खरा धोका. तपासायचं असेल तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर क्लिपच्या जवळ अंगठा आणि एका बोटाने दाबा, मग मध्यभागी दाबा. टोकाशी आत खाच लागली किंवा मधल्यापेक्षा ते मऊ लागलं, तर होज बदला. पूर्ण पंजाने दाबलं तर हे कळत नाही.

सिलिकॉन घ्यायचं कारण हेच. त्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे हा आजार त्याला जडत नाही. कंपनीचा वरचा एक होज साडेचारशेला मिळतो आणि हा पूर्ण सेट साडेपाच हजारांना. मी पैसा मोजून खर्च करणारा माणूस आहे, तरी हे पैसे आनंदाने दिले. भर उन्हात ट्रॅफिकमध्ये रखडल्यानंतरही होज फुगत नव्हता, आणि थंड झाल्यावर पहिल्यासारखा मऊ. दोन गोष्टी खटकल्या. सेटबरोबर आलेल्या क्लिपांच्या पट्टीला आरपार खाचा होत्या, आणि सिलिकॉन मऊ असल्यामुळे ते त्या खाचांतून वर येऊन कापलं जात होतं. मी स्प्रिंगच्या, सतत ताण धरून ठेवणाऱ्या क्लिपा लावल्या. दुसरं म्हणजे सिलिकॉनमधून पाण्याची वाफ रबरापेक्षा जास्त निसटते, त्यामुळे टाकीतली पातळी अगदी सावकाश उतरते. हे मला माहीत होतं.

पण पाऊस सुरू झाल्यावर पातळी सावकाश नाही, चांगली भराभर उतरायला लागली. वरच्या होजच्या क्लिपखाली पांढरट-हिरवट खरपुडी धरली होती. वर्कशॉपने आधी ‘बाहेरचा होज लावलात ना’ म्हणून होजवर ढकललं, मग रेडिएटरच्या कॅपवर, आणि शेवटी रेडिएटर बदलायचं साडेसात हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. होज उतरवून आत बघायला कुणी तयार नव्हतं. मी तिथेच उभा राहून तो उतरवून घेतला.

थर्मोस्टॅट हाउसिंगचं, म्हणजे वरचा होज इंजिनाच्या बाजूला ज्यावर चढतो त्या ॲल्युमिनियमच्या भागाचं, तोंड पांढऱ्या भुकटीने माखलेलं होतं. ती पुसल्यावर खाली खड्डेच खड्डे. त्यातले काही एकमेकांना मिळून एक चर झाला होता, तो बरोबर क्लिपच्या खालून तोंडाच्या कडेपर्यंत गेला होता. नख फिरवलं तर अडकायचं. होज कितीही भारी असो, क्लिप कितीही आवळा, त्या चरातून कूलंट येणारच. नवं हाउसिंग गॅस्केटसकट नऊशे रुपयांत आलं. साडेसात हजारांच्या एस्टिमेटपुढे नऊशे! याचा राग मला अजून आहे.

एवढ्या लवकर ते का खाल्लं गेलं, याचं उत्तर गाडीतच सापडलं. पूर्वी कधीतरी हीटरचा पाइप फाटला होता, तेव्हा एका गॅरेजने मध्ये पितळेचा जॉइंट टाकून दिला होता. शिवाय टॉपअपला कायम बोअरचं पाणी. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले आणि एकाच क्षारयुक्त पाण्यात भिजत असले की त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो. इथे तो ॲल्युमिनियम. पितळेचा जॉइंट दोन रबरी पाइपांच्या मध्ये आहे, इंजिनाला टेकतच नाही, हा गॅरेजवाल्याचा मुद्दा अर्धवट आहे. पितळेतलं तांबं सूक्ष्म प्रमाणात कूलंटमध्ये उतरतं, ॲल्युमिनियमवर जाऊन बसतं आणि तिथल्या तिथे छोट्या बॅटऱ्या तयार करतं. बोअरच्या पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमचा संरक्षक थर फोडतात, मग खड्डे पडायला वेळ लागत नाही.

हे ज्ञान काही आजचं नाही. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला. दोन वर्षांनी बघितलं तर पत्रा धरून ठेवणारे लोखंडी खिळे ठिकठिकाणी खाऊन गेलेले. जिथे पत्र्याच्या पॅकिंगचा कागद चुकून मध्ये राहिला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते. इंजिनात असा कागद घालायची सोय नाही. ब्लॉक, हेड, पंप, सगळं एकमेकांना बोल्टने आवळलेलं. तिथे तो कागद म्हणजे कूलंटमधली गंजरोधक रसायनं, आणि आपण नेमकी तीच पाणी ओतून पातळ करतो.

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, पाणी चालतं,’ हे वाक्य मी इतक्या मेकॅनिकांच्या तोंडून ऐकलंय की आता मी तिथेच थांबवतो. आपल्याकडे कूलंट गोठू नये म्हणून घालायचं नसतंच. दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही ते कॅपमुळे, त्यात कूलंटमधलं ग्लायकोल आणखी भर घालतं. गंज रोखायचं काम मात्र फक्त कूलंटमधल्या रसायनांचं. चांगल्या कूलंटची एक चाचणी अशी असते: तांबं, सोल्डर, पितळ, पोलाद, बीड आणि ॲल्युमिनियम या सहांच्या पट्ट्या एकाच भांड्यात, मुद्दाम क्षार घातलेल्या पाण्यात ८८ अंशांवर ३३६ तास ठेवायच्या आणि कोण किती झिजलं ते वजन करून बघायचं. म्हणून कॅनवर रंग बघू नका, हिरवा-लाल-निळा याला काही प्रमाण नाही. आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ या मानकांपैकी काय लिहिलंय ते बघा, आणि तुमच्या गाडीच्या पुस्तकात काय सांगितलंय ते बघा. दोन जातींची कूलंट एकत्र करू नका, त्यातल्या रसायनांचं आयुष्य घटतं.

आम्ही पितळी जॉइंट काढून हीटरचा पाइप अखंड टाकला, सिस्टिम फ्लश केली, डीआय (क्षार काढलेलं) पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं, बॅटरीची अर्थिंगची पट्टी काढून घासून पुन्हा बसवली. मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावून लाल टोक थंड कूलंटमध्ये, धातूला न टेकवता, बुडवलं की व्होल्टेज दिसतं. फ्लशच्या आधी ०.४ व्होल्टच्या आसपास होतं, आता ०.१ च्या खाली आहे. ०.३ च्या वर गेलं की कूलंट बदलायची वेळ झाली समजायचं, असा ठोकताळा आहे. मीटर तीनशे रुपयांत मिळतो, वर्कशॉपच्या एका लेबर चार्जपेक्षा स्वस्त.

तर सिलिकॉन सेट घ्यावा का? गाडी आणखी पाच-सात वर्षं ठेवणार असाल आणि कूलंट वेळेवर बदलणार असाल तर घ्या, स्प्रिंगच्या क्लिपांसकट. दोन वर्षांत विकायची असेल तर कंपनीचा साडेचारशेचा होज पुरेसा आहे. दोन्हीकडे एक अट: नवा पाइप चढवण्याआधी मेकॅनिकला जुनं तोंड पुसून दाखवायला सांगा, आणि नख फिरवून बघा. अडकलं तर हाउसिंग त्याच दिवशी बदला, पॉलिश पेपर मारून वरून गॅस्केट मेकर फासू देऊ नका.

माझ्या गाडीत आता इंजिनामागचा लोखंडी बायपास पाइप तेवढा जुना आहे. त्याच्या टोकाला गंजाचा रंग दिसतोय. पुढच्या सर्व्हिसला तो उतरवून घेणार आहे.