रुलर घसरू नये म्हणून लावायची पारदर्शक फिल्म, सहा महिने वापरून झाल्यावर

रोटरी कटरने, म्हणजे गोल फिरत्या पात्याच्या कटरने, कापड कापणाऱ्या प्रत्येकीला हे दुखणं माहीत असणार. रुलर अगदी ओळीवर ठेवायचा, कटर चालवायला घ्यायचा, सुरुवातीचे दहा-बारा इंच मस्त कापले जातात आणि मग वरच्या टोकाला रुलर हळूच बाहेर सरकतो, ते कळतं कधी तर कापलेली कापडाची पट्टी उचलून बघितल्यावर. खाली अडीच इंच आणि वर एक सूत कमी. एक सूत म्हणजे काय एवढं असं वाटतं, पण बारा पट्ट्या एकमेकींना जोडल्या की बारा सूत होतात, म्हणजे दीड इंच, आणि मग ती गोधडी एका बाजूला ओढल्यासारखी दिसते, कितीही इस्त्री करा.

माझ्या बाबतीत हे आईच्या सुती साड्यांवर झालं, म्हणून जास्त लागलं. बाजारातलं कापड परत आणता येतं, ती साडी कुठून आणणार. त्यानंतर मी रुलर घट्ट बसवायचा असं मनावरच घेतलं.

माझा रुलर ६ बाय २४ इंचांचा ॲक्रिलिकचा आहे. ४४ इंच पन्ह्याचं कापड दुहेरी केलं की २२ इंच होतं त्यामुळे तो पुरतो, पण ॲक्रिलिक गुळगुळीत आणि वर इस्त्री केलेलं कापड, घसरणारच. आधी सॅंडपेपरच्या चकत्या चिकटवून बघितल्या, पकड चांगली होती पण दोन महिन्यांत कडा उचलल्या आणि मऊ मलमलीवर धागे ओढले जायला लागले. मग कपाटाच्या दाराला लावतात ते सिलिकॉनचे छोटे पारदर्शक ठिपके लावले. ते कृपा करून कोणी लावू नका! ते फुगीर असतात, रुलर कापडापासून वर उचलला जातो, मधल्या फटीत कापड हलतं आणि पातं रुलरच्या कडेला टेकून चालायच्या ऐवजी खाली शिरायला बघतं.

शेवटी ही फिल्म घेतली. पातळ, पारदर्शक, गोंद नसलेली, काचेला प्लास्टिक चिकटतं तशी रुलरला चिकटते. आकडे आणि ओळी खालून स्पष्ट दिसतात हे मला सगळ्यात आवडलं. लावायच्या आधी रुलर भांडी घासायच्या साबणाने धुवून पूर्ण कोरडा करायचा, फिल्म कापून ठेवायची आणि जुन्या एटीएम कार्डाने एका टोकापासून हवा काढत जायचं. एक गोष्ट मी पहिल्यांदा चुकले, फिल्म अगदी कडेपर्यंत लावली, मग पात्याने तिचे बारीक तुकडे निघायला लागले. आता कडेपासून दोन मिलिमीटर आत ठेवते, तेव्हापासून काही त्रास नाही.

फरक पहिल्याच दिवशी जाणवला. साध्या सुती कापडावर रुलर ठेवला की बसतो, बोटाने ढकलला तर सरकत नाही. याचा एक तोटाही आहे, आधी मी रुलर कापडावरच सरकवत सरकवत ओळ जुळवायचे, आता उचलून परत ठेवावा लागतो, हाताला सवय व्हायला चार दिवस लागले.

पण फिल्म लावली की सगळं संपलं असं नाही, आणि हे विकणारे सांगत नाहीत. फिल्म फक्त वरच्या थराला धरते. चार थर एकावर एक ठेवले की खालचे तीन आपापसात घसरू शकतात, खणाच्या कापडावर तर मला हे स्पष्ट दिसलं, रुलर जागच्या जागी आणि खालचा थर तिरका. तिथे दोनच थर घ्यायचे आणि कापडाला आधी स्टार्च मारून कडक इस्त्री करायची, त्याला दुसरा इलाज नाही. पातं बोथट असेल तरीही रुलर सरकतो, कारण आपण नकळत जोर लावतो आणि तो जोर आडवा रुलरवर जातो. मी ४५ मिलिमीटरचा कटर वापरते आणि मधेच एखादा धागा न कापता राहायला लागला की पातं बदलते.

आणि हात! ओल्फा कंपनीने रोटरी कटर आणला १९७९ साली, इतकी वर्षं झाली तरी रुलर धरायचं तंत्र मात्र कटरच्या पाकिटात मिळत नाही. हात रुलरच्या मध्यावर ठेवून चोवीस इंच एका दमात कापायला गेलं की वरचं टोक मोकळंच राहतं. पंजा सपाट न ठेवता बोटांची टोकं टेकवायची, करंगळी रुलरच्या बाहेरच्या बाजूने कापडावर, म्हणजे कटरपासून लांबच्या बाजूला. कटर मनगटाच्या रेषेत आला की थांबायचं, पातं तिथेच टेकलेलं ठेवायचं, डावा हात बोटं चालवत वर न्यायचा, दाब द्यायचा आणि मग पुढे. मी हे स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून करते, खांद्यातून सरळ खाली वजन येतं, बसून तेवढं येत नाही. कटर दर वेळी बंद करून ठेवायचा, घरात मुलं असोत नसोत.

सहा महिन्यांत फिल्मवर कापसाचे तंतू खूप बसतात, पकड ढिली वाटली की साबणाच्या पाण्यात रुलर सकट धुते, पंख्याखाली वाळवते, परत पहिल्यासारखी होते. एक कोपरा थोडा उचललाय, तो मी कापून टाकला. उरलेली फिल्म साडेसहा इंची चौकोनी रुलरला लावणार आहे, कारण गोधडीचे ठोकळे, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, कापून सारखे करताना तोच जास्त गरगर फिरतो. साड्यांची गोधडी परत कापायला घेतलीय, आजच्या सोळा पट्ट्या एकावर एक ठेवून बघितल्या, कडा जुळल्या.