सोबत थांबणाऱ्याची सोय आणि जबाबदार माणूस: नागपुरात दवाखाना निवडताना

गडचिरोली, ब्रह्मपुरी, गोंदिया किंवा सीमेपलीकडच्या छिंदवाडा, बालाघाटकडून ठरलेल्या ऑपरेशनसाठी नागपुरात येणाऱ्या कुटुंबापुढे साधारण तीन वाटा असतात: शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, विश्वस्त संस्थेने चालवलेला दवाखाना आणि धंतोली-रामदासपेठेकडचा डॉक्टरांच्या मालकीचा खासगी दवाखाना. डॉक्टर कोण आणि खर्च किती, हे दोन प्रश्न सगळेच विचारतात आणि ते विचारलेच पाहिजेत. येथे मात्र मी वेगळ्या दोन प्रश्नांवर तुलना करणार आहे. रुग्णासोबत राहणाऱ्या माणसाची तिथे काय सोय आहे, आणि त्या दवाखान्यात शेवटचा शब्द कोणाचा चालतो? आईच्या खुब्याच्या ऑपरेशनच्या निमित्ताने आम्ही भावंडांनी तिन्ही प्रकारच्या ठिकाणी चौकशी केली आणि पुढे अकरा रात्री आळीपाळीने सोबत काढली. त्यानंतर हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, असे माझे ठाम मत झाले.

शासकीय रुग्णालयांपासून सुरुवात करतो, कारण विदर्भातील सर्वांत जास्त रुग्ण तिथेच येतात. 1947 साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘मेडिकल’, आणि सेंट्रल अव्हेन्यूवरील इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे ‘मेयो’, ही दोन्ही नावे खेड्यापाड्यांत पत्ता न सांगता कळतात. मेयो रेल्वे स्थानकापासून जवळ आहे, मेट्रोचे दोसर वैश्य चौक स्थानकही तिथेच आहे. मेडिकलला अजनी स्थानक जवळ पडते. रोज डबा पोचवणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट लहान नाही. शहराच्या दक्षिणेकडील मिहान भागातल्या एम्सचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले आणि तिथला परिसर नवा, मोकळा आहे. परंतु ज्यांचे नातेवाईक महाल किंवा इतवारीत राहतात आणि ज्यांना दोन वेळचा डबा तिथूनच आणायचा आहे, त्यांनी खापरीच्या पलीकडचे ते अंतर हिशेबात धरलेच पाहिजे.

शासकीय महाविद्यालयात प्रमुख असतात अधिष्ठाता. त्यांच्याखाली वैद्यकीय अधीक्षक, मग विभागप्रमुख, त्यांची पथके आणि पथकातील निवासी डॉक्टर. अधिष्ठात्यांची बदली होऊ शकते आणि बांधकामाचे, दुरुस्तीचे बरेचसे काम सार्वजनिक बांधकाम विभागाकडून होते, त्यामुळे बंद पडलेल्या पंख्याची तक्रार योग्य माणसापर्यंत पोचली तरी तो सुरू व्हायला वेळ लागू शकतो. वॉर्डातला रोजचा कारभार खऱ्या अर्थाने इनचार्ज सिस्टरच्या हातात असतो, आणि सोबतीला येणाऱ्याने पहिल्या दिवशी ओळख करून घ्यायची ती त्यांचीच. सोबतीसाठी साधारणपणे एकाच माणसाला पास मिळतो. बाकीचे व्हरांड्यात, झाडाखाली, जिन्याशेजारी चटई टाकून रात्र काढतात. नागपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पंचेचाळीस अंशांच्या दिवसानंतरची ती रात्र समजावून सांगायला नको. गाडगेबाबांनी ज्या विदर्भात जन्म घेऊन धर्मशाळा बांधण्यासाठी उभे आयुष्य वेचले, तिथे रुग्णाच्या नातेवाइकाच्या निवाऱ्याची मागणी करताना कोणीही संकोच करू नये, असे मला मनापासून वाटते.

तरीही शासकीय रुग्णालयाची एक बाजू इतकी भक्कम आहे की अवघड आजारात ती बाकी सर्व गैरसोयींवर मात करते. रात्री दोन वाजताही तिथे निवासी डॉक्टर हजर असतो, दुसऱ्या विभागाचा सल्ला त्याच आवारात मिळतो, आणि रक्तपेढी त्याच इमारतीत किंवा शेजारी असते. अपघात, डोक्याला मार, एकाच वेळी हृदय आणि मूत्रपिंडाचा त्रास, अशा रुग्णाला घेऊन येणाऱ्याने बाकांची संख्या मोजत बसू नये.

विश्वस्त संस्थांच्या दवाखान्यांची नागपुरात जुनी परंपरा आहे. 1921 मध्ये कमलाताई होस्पेट यांनी येथे मातृसेवा संघाची स्थापना केली. त्या स्वतः परिचारिका होत्या. दवाखान्याचे नेतृत्व डॉक्टरानेच किंवा धनिकानेच करायचे असते, ही समजूत या शहरात शंभर वर्षांपूर्वीच मोडली गेली आहे. रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसलेल्या व्यक्तीला सोबतीच्या अडचणी वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत, आणि म्हणून अशा संस्थेत चौकशी करताना परिचारिकांच्या प्रमुखांना कितपत अधिकार आहेत हे मी आवर्जून विचारतो.

विश्वस्त संस्थेत धोरण विश्वस्त मंडळ ठरवते, रोजचा कारभार सचिव किंवा प्रशासक पाहतात आणि उपचारांची जबाबदारी वैद्यकीय संचालकांवर असते. आमच्या आईला आम्ही अशाच एका ठिकाणी भरती केले. खोलीत शोभेचे काही नव्हते. खाटेशेजारी सोबतीसाठी एक अरुंद बाकडे, त्याच्या वर मोबाइल लावायला चालू असलेला एक सॉकेट, आणि मजल्याच्या टोकाला डबा गरम करायला एक ओटा. दुसऱ्या रात्री मजल्यावरच्या कूलरचा पंप बंद पडला. पंखा फिरत होता, पण पट्ट्या कोरड्या पडल्यामुळे नुसती गरम हवा येत होती. सकाळी साडेनऊला प्रशासक बाई हातात वही घेऊन मजल्यावर आल्या. त्यांनी आईची चौकशी केली, मग माझ्याकडे वळून ‘तुम्हाला रात्री झोप लागली का?’ असे विचारले. मी कूलरचे सांगितले. त्यांनी पट्टीला हात लावून पाहिला, वहीत लिहून घेतले, आणि दुपारी चारच्या सुमारास इलेक्ट्रिशियन नवा पंप बसवून, टाकीत पाणी भरून गेला. अकरा दिवसांत त्या वहीत आमच्या मजल्याच्या किती नोंदी झाल्या असतील कोण जाणे, पण दररोज ती वही आली.

या संस्थांबाबत आणखी एक गोष्ट निर्णयाआधी माहीत असावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 मधील कलम 41 कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातील समाजसेवकांना भेटायचे असते. तिथे दाद लागली नाही तर सह धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय नागपुरातच आहे. म्हणजे विश्वस्तांच्याही वर जाब विचारणारे कोणीतरी आहे. उणी बाजू अशी की बहुतेक तज्ज्ञ ठरावीक वेळी येऊन जाणारे असतात, आणि रात्री प्रकृती एकदम बिघडली तर रुग्णाला दुसरीकडे हलवावे लागण्याची शक्यता असते. अतिदक्षता विभाग आहे का आणि रात्री तिथे कोण असते, हे भरतीपूर्वीच विचारावे.

खासगी दवाखान्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. मालक-डॉक्टर स्वतः तिथे बसत असेल, तर निर्णय सर्वांत लवकर याच ठिकाणी होतात, आणि लहान दवाखान्यात हा मोठा लाभ आहे. 2021 मध्ये सुधारलेल्या नर्सिंग होम नोंदणी नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. तो फलक प्रवेशद्वाराजवळ दिसतो का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. भागीदारांची संख्या वाढली आणि व्यवस्थापन वेगळ्या माणसांकडे गेले की मात्र चित्र बदलते. काही वर्षांपूर्वी वडील अशाच एका दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात होते. खाली वातानुकूलित दालन होते, मऊ सोफे होते, कॉफीचे यंत्र होते. पण वडिलांना दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्याची परवानगी कोण देणार, हे आम्हाला दोन दिवस कळले नाही. काउंटरवरचा मुलगा डॉक्टरांकडे बोट दाखवी, डॉक्टर व्यवस्थापनाकडे, आणि व्यवस्थापनाच्या दारावर कोणाचेच नाव नव्हते. तेव्हापासून मी सोयींचे दोन भाग करतो: एकदा पैसे खर्चून आणलेल्या, आणि रोज कोणीतरी लक्ष घातल्याशिवाय टिकत नाहीत अशा. सोफा पहिल्या प्रकारचा. पिण्याचे थंड पाणी, जिन्यातला दिवा, स्वच्छतागृहाची कडी हे सगळे दुसऱ्या प्रकारचे, आणि दवाखाना कसा चालवला जातो हे त्यातूनच दिसते.

माझा सल्ला असा. ऑपरेशन ठरलेले आहे, रुग्ण एरवी धडधाकट आहे, सोबतीला दोनच माणसे आहेत आणि पैशांची ओढाताण आहे, अशा कुटुंबाने आधी विश्वस्त संस्थेचा दवाखाना पाहावा. मात्र तिथला प्रशासक रोज आवारात असतो याची खात्री करूनच. आजार गुंतागुंतीचा असेल तर मेडिकल, मेयो किंवा एम्स. तिथे राहण्याची व्यवस्था जवळच्या नातेवाइकाकडे किंवा धर्मशाळेत आधीच करून ठेवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्यांनी तिन्ही प्रकारांत आधी आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या कामात रुग्णांना मदत करणाऱ्या माणसाचे, टेबल शोधावे, कारण योजनेशी संलग्न दवाखान्यात तो असतोच आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. खासगीकडे जायचे असेल तर ज्याचे नाव पाटीवर आहे तोच डॉक्टर रात्री फोन उचलणार का, हे त्यालाच समोरासमोर विचारावे.

पाहणी सकाळी करू नये. सकाळी राउंडच्या वेळी सगळीच ठिकाणे धुतलेली, आवरलेली असतात. रात्री नऊनंतर जावे, भेटीची वेळ संपल्यावर सोबतीचे लोक कुठे पाठ टेकतात ते पाहावे, बायकांसाठी वेगळी जागा आहे का ते विचारावे आणि वॉर्डातल्या मावशींशी दोन शब्द बोलावे. साहेब शेवटचे मजल्यावर कधी आले होते, हे त्या सरळ सांगतात. आणि जो माणूस प्रत्यक्ष सोबत राहणार आहे, त्यालाच पाहणीला पाठवावे. आमच्याकडे वहिनी गेली होती. डॉक्टरांचे दर, खोलीचे भाडे, भेटीच्या वेळा हे सगळे तिने कागदावर लिहून आणले होते. पण घरात शिरताच तिने पहिले सांगितले ते हे, की बायकांच्या संडासाची कडी आतून नीट लागते.