माहीमच्या सरांकडे सोळा महिने: आधी व्हायोलिन, आता व्हायोला

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मी माहीमला एका सरांकडे व्हायोलिन शिकायला लागले. नोव्हेंबरपासून त्यांच्याकडेच व्हायोला, म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातलं पण खालच्या सुराचं वाद्य, शिकते आहे. दर शनिवारी सकाळी एक तास, असे आतापर्यंत साठएक तास झाले असतील. सरांना स्वतःचं नाव कुठे छापून आलेलं आवडत नाही, म्हणून नाव-पत्ता देत नाही. पण घरगुती शिकवणी लावावी की नाही, लावली तर शिक्षक कसा पारखावा, या विचारात जे असतील त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे. मी शोधत होते तेव्हा मला असं काही वाचायला मिळालं नव्हतं.

आधी माझ्याबद्दल थोडं. शाळेत असताना गाण्याच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या, पुढे सुटलं. घरात व्हायोलिन म्हटलं की पंडित व्ही. जी. जोग आणि पंडित डी. के. दातार. मांडी घालून बसायचं, वाद्याचं टोक उजव्या पावलावर टेकवायचं आणि गळ्यातलं गाणं तारेवर आणायचं, ही पद्धत लहानपणापासून पाहिलेली. तरी मी पाश्चात्त्य पद्धत निवडली. कारण सरळ होतं: मला स्वरलिपी वाचता यायला हवी होती आणि चार माणसांत बसून आपापली ओळ वाजवायची होती. एकटीनं गायचं सुख माहीत होतं, हे दुसरं माहीत नव्हतं.

सर मूळचे गोव्याचे, सत्तरीच्या पुढचे. वडील चर्चच्या शाळेत सोल्फेज (स्वरलिपी बघून स्वरांच्या नावांनी गाणं) शिकलेले, सर स्वतः अनेक वर्षं हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन-व्हायोलाच्या रांगेत बसलेले. मुंबईच्या स्टुडिओंतल्या तंतुवाद्यांच्या ताफ्यात गोव्याची माणसं किती होती, हे जुन्या संगीताची आवड असलेल्यांना ठाऊक असेलच. त्या ताफ्यात हातात कागद पडला की लगेच वाजवावं लागे, आणि वाजवताना शेजारच्याच्या गजाकडेही लक्ष ठेवावं लागे. सरांच्या शिकवण्यात या दोन्ही गोष्टी जागोजाग दिसतात.

पहिल्या दिवशी त्यांनी मला शिकवलंच नाही. मी ऑनलाइन मागवलेलं व्हायोलिन घेऊन गेले होते, पेटी आणि गजासकट साडेसात हजारांचं. सरांनी ते हातात घेतलं, खिशातून छोटी पट्टी काढली आणि फिंगरबोर्डच्या (तारांखालच्या, बोटं टेकवायच्या लाकडाच्या) टोकाशी तारांची उंची मोजली. व्हायोलिनला खालून वर जी, डी, ए, ई अशा चार तारा. ई तार सहा मिलिमीटर वर, जी तार आठ. सर्वसाधारण सेटिंगमध्ये ती साडेतीन आणि साडेपाचच्या आसपास असते. म्हणाले, "ह्याच्यावर तुझी बोटं दुखणार, सूर लागणार नाही, आणि तुला वाटणार की चूक तुझी आहे." वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवलं. त्यानं घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) घासून खाली घेतली, खुंट्या बसवून दिल्या, बाराशे रुपये घेतले. त्याआधी दोन महिने मी त्याच वाद्यावर मोबाइलमधले व्हिडिओ बघून झगडत होते आणि या वयात आपल्याला जमायचं नाही, असं जवळजवळ ठरवून बसले होते. सरांचं ते वाक्य ऐकून मला घरी येताना लोकलमध्ये रडू आलं होतं.

मग तीन आठवडे मोकळ्या तारा. डावा हात वाद्याला फक्त आधार म्हणून, बोट एकही टेकवायचं नाही. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर आणि आठ मात्रांचा एक गज. कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण आला नाही, कारण दर वेळी सर एखादी अशी गोष्ट दाखवायचे जी मला स्वतःहून कधीच दिसली नसती. एकदा म्हणाले, "गज वळवताना तू श्वास धरतेस." मला पटेना. त्यांनी विचारलं, "येतेस कुठून?" ठाण्याहून. "मग गज ओढता ओढता स्टेशनं मोठ्यानं म्हण." मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी. भांडुपपाशी गज टोकाला पोचला, वळला, आणि माझं तोंड बंद झालं. पुन्हा. पुन्हा भांडुपलाच गप्प. चौथ्या-पाचव्या खेपेला घाटकोपरपर्यंत न थांबता म्हटलं, आणि गज वळतानाचा तो खर्रर्र आवाज गेला. आजही घरी रियाज करताना वळण खडबडीत झालं की मी स्टेशनं म्हणते. मुलगी आतल्या खोलीतून ओरडते, "आई, कुर्ला आलं!"

सुराचं शिक्षण हा माझ्या मते सरांचा सगळ्यात मोठा गुण. पुष्कळ शिक्षक फिंगरबोर्डवर रंगीत पट्ट्या चिकटवतात, बोट पट्टीवर ठेवा म्हणतात. लहान मुलांसाठी त्या उपयोगी असतील. सरांनी चिकटवल्या नाहीत. त्याऐवजी एक कागदाचा चिटोरा फाडला, दुमडून छपरासारखा केला आणि जी तारेवर, घोडीपासून चार बोटं अंतरावर, अलगद ठेवला. मला शेजारच्या डी तारेवर तिसरं बोट ठेवून वाजवायला लावलं. वाजवलं, चिटोरा शांत. बोट केसभर पुढे सरकवलं आणि चिटोरा थरथरून खाली पडला. जी तारेला कुणी हात लावला नव्हता. डी तारेवर तिसऱ्या बोटानं निघणारा स्वर त्या जी तारेच्याच एक सप्तक वरचा, म्हणून तो नेमका लागला की मोकळी तार आपोआप कंप पावते. मग त्यांनी तोच चिटोरा तारेच्या अगदी मधोमध ठेवला. या वेळी सूर बरोबर लागूनही तो हलला नाही, कारण या कंपनात तार दोन भागांत हलते आणि मधला बिंदू स्थिर राहतो. तानपुऱ्याच्या जवारीत वाढलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट फार आपली वाटली. त्या दिवसापासून मी बोटाची जागा डोळ्यांनी शोधणं सोडलं. सूर बरोबर लागला की हनुवटीखालचं लाकूडच किंचित गुणगुणतं, ते जाणवतं.

आणखी एक धडा मी कधी विसरणार नाही. डी तारेवर पहिलं बोट, म्हणजे ई. सरांनी तो वरच्या मोकळ्या ए तारेबरोबर वाजवायला सांगितला. दोन्ही तारांवर एकदम गज. दोन सुरांतली डुलणी (आवाजाचं लाटेसारखं कमी-जास्त होणं) थांबेपर्यंत बोट हलवलं, स्वच्छ लागला. "आता बोट हलवू नको. खालच्या जी तारेबरोबर वाजव." वाजवलं आणि अंगावर काटा आला, इतकं बेसूर. तेच बोट, तीच जागा. जी बरोबर जुळायला तो ई जरासा उतरवावा लागतो, साधारण २२ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. गाणं शिकताना श्रुतींबद्दल ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. तो फरक बोटाखाली पहिल्यांदा इथे सापडला. माझा गंधार पियानोबरोबर वाजवताना नेहमी उतरलेला वाटायचा, त्याचंही कारण याच सुमारास कळलं. षड्जाशी जुळलेला शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. सर म्हणाले, "तुझा कान चुकलेला नाही. फक्त आपण कुणाबरोबर वाजवतोय ते बघायचं." दुसऱ्या कुणी असतं तर नुसतं 'फ्लॅट आहे, वर घे' म्हणून पुढे गेलं असतं, आणि मी माझ्याच कानावर अविश्वास धरून बसले असते.

जुलैत वाद्य खरखरायला लागलं. मला वाटलं पोटावरचं लाकूड तडकलं. सरांनी वाद्य कानाशी धरलं आणि कडेकडेनं बोटाच्या पेरानं टकटक करत गेले. टक, टक, टक, आणि हनुवटीच्या आधाराजवळ आवाज एकदम पोकळ, भुरभुरता. "इथे सांधा सुटलाय. लाकडाला काही झालं नाही." व्हायोलिनचे सांधे सरसानं जोडलेले असतात. दमट हवेत सरस सैल पडतो, आणि ते एका परीनं बरं असतं, कारण ताण आला की सांधा सुटतो आणि लाकूड वाचतं. कुणीतरी मला सांधा फेविकॉलनं चिकटवायला सुचवलं होतं. तसं चुकूनही करू नका, पुढे वाद्य उघडायची वेळ आली तर लाकूड सोलून निघतं. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, गजाचे केस लांबतात. वाजवून झालं की गज सैल करून ठेवायचा आणि राळेचा भुगा तारांवरून रोज सुती फडक्यानं पुसायचा, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

आता व्हायोला. ऑक्टोबरअखेर सरांनी कपाटावरची एक जुनी पेटी खाली काढली आणि साडेपंधरा इंची व्हायोला माझ्या खांद्यावर ठेवला. (व्हायोलिनची काया चौदा इंच असते.) मी विचारलं, "मलाच का?" म्हणाले, "तुझी बोटं लांब आहेत, आणि तू जी तारेवर आलीस की तुझा चेहरा बदलतो." मी सर्वांत खालची सी तार ओढली. आवाज हनुवटीतून छातीत उतरला. माझी आजी पहाटे खालच्या पट्टीत ओव्या म्हणायची, ते आठवलं, आणि मी काही न बोलता पुन्हा पुन्हा तीच तार ओढत राहिले. सरांनीही थांबवलं नाही.

व्हायोला म्हणजे मोठं व्हायोलिन, असं समजून जाऊ नका. तारा पाच स्वर खाली लावलेल्या: सी, जी, डी, ए. त्या हिशेबानं वाद्य व्हायोलिनच्या दीडपट मोठं हवं, पण तेवढं खांद्यावर पेलणार नाही, म्हणून आकारात तडजोड केलेली आहे. तो थोडा झाकोळलेला, घशातला आवाज त्या तडजोडीतूनच येतो. गज व्हायोलिनच्या गजाहून जड, साधारण ७० ग्रॅम, आणि खालची तार बोलायला क्षणभर उशीर लावते. मी सुरुवातीला दाबून वाजवायचे, तार घोगरी व्हायची. सर माझं कोपर खालून दोन बोटांवर तोलून धरायचे आणि म्हणायचे, "दाबू नको. हात नुसता सोड, वजन आपोआप जाईल." हे साधायला मला दोन महिने लागले.

जास्त त्रास दिला तो वाचनानं. व्हायोलाची लिपी आल्टो क्लेफमध्ये. क्लेफ म्हणजे ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह, कुठल्या रेषेवर कुठला स्वर ते सांगणारं; व्हायोलिनचं वेगळं असतं. मधल्या रेषेवरचा स्वर व्हायोलिनच्या सवयीनं वाचला की पहिलं बोट ए तारेवर जातं, आणि हवं असतं तिसरं बोट, जी तारेवर. म्हणजे चूक जवळजवळ एका सप्तकाची. डिसेंबरभर मी दमून जायचे. सरांनी दोन महिने व्हायोलिन पेटीतून काढूच दिलं नाही, त्याचा तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरोबर होतं. फेब्रुवारीपासून दोन्ही वाजवते आणि क्लेफ बघताच हात आपोआप वळतो.

न आवडलेल्या गोष्टीही सांगते. सर कौतुक करत नाहीत. "हां, पुढे" हीच शाबासकी. माझं भागलं, पण माझ्याबरोबर लागलेली कॉलेजातली एक मुलगी चार महिन्यांत सोडून गेली, आणि तिचं पूर्णपणे चुकलं असं मला वाटत नाही. पहिलं वर्षभर एकही ओळखीचं गाणं नाही, नुसत्या स्केल्स, सरावाचे धडे आणि छोटे तुकडे. घरी कुणी "काहीतरी वाजवून दाखव" म्हटलं की माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नसायचं. ऑनलाइन तास घेत नाहीत. पावसात गाड्या बंद पडल्या तर तास बुडतो, त्याचे पैसे मात्र घेत नाहीत. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत-परीक्षांना मागितलं तर बसवतात, आग्रह धरत नाहीत. मुलाला दर वर्षी एक ग्रेड असं ज्यांचं गणित असेल, त्यांनी दुसरे शिक्षक बघावेत.

फी तासाला १,२०० रुपये, महिन्याला चार तास. माझ्या बजेटमध्ये हा मोठा आकडा आहे. खर्च निघावा म्हणून मी दुसरे दोन खर्च बंद केले. रोज चाळीस मिनिटं घरी वाजवणं होणार नसेल तर हे पैसे वाया जातील, हे सरांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. फ्लॅटमध्ये रात्री वाजवायचं तर घोडीवर बसवायचा रबरी म्यूट घ्या, दोनेकशे रुपयांत मिळतो, शेजारी खूश राहतात.

शिक्षक शोधत असाल तर पहिल्या तासाला एवढं बघा: ते तुमचं वाद्य तपासतात का, आणि तुमचं बोट चुकल्यावर तुमचा खांदा, मान, अंगठा यांच्याकडे बघतात का. माझी मान दुखायची, तेव्हा सरांनी मानेला हात न लावता डावा अंगठा सैल करायला लावला. पंधरवड्यात दुखणं थांबलं.

एप्रिलपासून आम्ही चौघं महिन्यातल्या शेवटच्या रविवारी सरांच्या हॉलमध्ये बसतो. दोन व्हायोलिन, एक चेलो (त्याच कुळातलं, बसून गुडघ्यांमध्ये धरायचं मोठं वाद्य), आणि मधे व्हायोलावर मी. माझ्या ओळीत चाल नसतेच फारशी, एकाच स्वरावर बारा-बारा मात्रा असतात. मोझार्टला मित्रांबरोबर चौकडीत बसताना व्हायोला हातात घ्यायला आवडायचं, हे सरांनी सांगितलं होतं, तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं. गेल्या खेपेला मोजणी चुकून मी मधेच थांबले. बाकी तिघांनी वाजवणं चालू ठेवलं. सगळे स्वर बरोबर होते, चालही नीट ऐकू येत होती, पण खालचं आणि वरचं एकमेकांपासून सुटून गेलं होतं. मी पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत शिरले आणि चेलोवाल्या काकांनी न थांबता माझ्याकडे बघून मान हलवली. सर खिडकीशी उभे होते. "हां, पुढे," म्हणाले.

सरांचा व्हायोला जूनमध्ये परत करायचा आहे. स्वतःचा साडेपंधरा इंची सांगून ठेवला आहे, सेटिंगसकट अठ्ठावीस हजार. पुढच्या सहा महिन्यांची फी मी कालच भरली.