मॉनिटर नसलेला संगणक: एक्सव्हीएफबी की डमी प्लग?

मॉनिटर नसलेल्या लिनक्स संगणकावर खिडकी उघडणारा प्रोग्राम चालवायचाय, आणि एका मित्राचं या दोन पर्यायांत अडलंय: एक्सव्हीएफबी (Xvfb), म्हणजे मेमरीत खोटा पडदा उभा करणारं सॉफ्टवेअर, आणि डमी प्लग, म्हणजे मॉनिटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा, मॉनिटर जोडल्याचं भासवणारा छोटा प्लग. मी दोन्ही वापरलेत.

खर्च: एक्सव्हीएफबी फुकट. प्लग विकत घ्यावा लागतो, शिवाय तो खोचायला यंत्रापर्यंत हात पोचायला हवा. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर तो विषयच संपतो.

वेग: खरा फरक इथे आहे. एक्सव्हीएफबी पडदा मेमरीत रंगवतो. १९२० बाय १०८० चा पडदा जेमतेम ८ एमबी. पण ग्राफिक्स कार्डाला तो हात लावत नाही, थ्रीडीचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो. मॉडेल फिरवलं की चित्र अडखळत सरकतं. प्लगमधली बारीकशी चिप मॉनिटर जोडल्याची माहिती देते, त्यामुळे कार्ड नेहमीसारखं कामाला लागतं.

मेहनत: एक्सव्हीएफबीत पडद्याचा आकार स्वतः सांगा, नाहीतर स्क्रीनशॉट कापले जातात. त्यात मी एक अख्खी दुपार घालवली. प्लग खोचला की झालं, विंडोजवरसुद्धा.

ब्राउझरच्या स्वयंचलित चाचण्या, स्क्रीनशॉट असली कामं असतील तर डोळे झाकून एक्सव्हीएफबी घ्या. घरच्या यंत्रावर दुरून थ्रीडी किंवा गेम चालवायचा असेल, तर प्लगच.